बिनफोडणीची गल्ली

कडुलिंब फुलायला लागले की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांचं तसं होत नाही. शेजारच्या शाळेतले गुरुजी त्या बारीक पांढऱ्या फुलांखाली खुर्ची टाकून पेपर तपासत बसतात आणि मला हाक मारून सांगतात, "मॅडम, काय वास सुटलाय बघा!" सुटलाय हो. मला काय नाक नाही? उलट माझ्या नाकाचाच तर सगळा घोळ आहे. फाल्गुन सरत आला, लिंबांना तांबूस कोवळी पालवी फुटली, पाडवा जवळ आला, की आमच्या गावाचा रस्ता त्या गोडसर-कडवट वासानं भरून जातो. अंगणवाडीला कुलूप लावून घरी येताना मी प्रत्येक दाराच्या चौकटीकडं बघत चालते. डहाळा लावलाय का? कुणाच्या दारात? आजचा ताजा आहे की चार दिवसांचा वाळलेला? वर बघत चालण्याच्या नादात एकदा नाल्यात पाय जाऊन सणकून पडलेसुद्धा. "पाडवा आला, मॅडमची दारं तपासायची येळ झाली," असं म्हणून ओट्यावरच्या बाया हसतात. हसा म्हणावं. तुमच्याच लेकरांसाठी पडले.

चौसाळ्याचा बाजार सोडून डोंगराकडं आत वळलं की आमचं गाव लागतं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन उसाच्या फडात जातं. मग गल्लीत दाराआड दाराला कुलूप, ओट्यावर कुत्री आणि मागं राहिलेली म्हातारी माणसं. संध्याकाळी सुद्धा गल्लीला कसलाच वास नसतो. आणि शिमग्याच्या आगंमागं एकेक ट्रॉली परत यायला लागते. वर बांबू, पत्रे, कोंबड्यांचं खुराडं, बांधलेली शेळी, आणि सगळ्यांच्या वर पोरं. उसाच्या पाचटाचा आणि मळीचा वास त्यांच्या गोधड्यांना चिकटलेला असतो. कुलपं निघतात, अंगणं झाडली जातात, चुली पेटतात. आणि मग पहिल्याच संध्याकाळी गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं फोडणीचा वास धावत सुटतो. लसूण, मिरची, जिरं, येसराच्या आमटीचा खमंग ठसका. चार-पाच महिने मुकी राहिलेली गल्ली शिंकायला लागते. मला तो दिवस लई आवडायचा. अजून आवडतो, पण आता मी त्या वासात घरं मोजते.

पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॉलीतून माझी धाकटी जाऊ संगीता आली. कडेवर परी. परी दोन वर्षांचीही पुरती नव्हती. केस पिंगट झालेले, नाकाखाली दोन रेघा, पण हसली की समोरच्याचा दिवस बरा जायचा. मला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले आणि पहिला शब्द बोलली, "माय." सगळे हसले. तेव्हापासून तिच्या आईला ती मम्मी म्हणते आणि मला मोठी माय.

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि सवयीनं विचारलं, "हिला गोवराची लस दिली का गं?"

"न्हाई ना ताई. नऊ महिन्याची झाली तवा आमी तिकडंच व्हतो."

"मग फडात सिस्टर येत नाहीत का?"

"येत्यात की. पण त्या येतात तवर आमची टोळी दुसऱ्या फडात गेलेली असती."

झालं! आमच्या गावात लसीचा दिवस महिन्यातून एकदा. त्या महिन्याचा नुकताच होऊन गेलेला, पुढचा पाडव्यानंतर. मी संगीताला बजावलं की त्या दिवशी कुठं जायचं नाही. ती म्हणाली, "न्हाई जात ताई, तुमची शप्पत." म्हणजे काम एवढंच होतं बघा. एका पोरीला एक टोचा मिळेपर्यंत सांभाळायचं. डोंगर उचलायचा नव्हता.

आणि चार दिवसांनी संध्याकाळी गल्लीतून येताना मला वासात एक भोक सापडलं. सगळीकडं लसूण-मिरची, आणि कोपऱ्यावरच्या राधाबाईच्या घरापुढं काहीच नाही. चुलीचा धूर होता. भाताची वाफ होती. पण तेलाचा चर्र नाही, मोहरीचा तडतडाट नाही. राधाबाई पण फडातूनच परत आलेली, दोन लेकरांची आई. मी वर पाहिलं. चौकटीला लिंबाचा हिरवागार डहाळा.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेकराला ताप भरला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठलं, की आमच्याकडं त्याला आजार म्हणत नाहीत. घरात बाया आल्या म्हणतात. या बाया देवीच्या, आणि पाहुण्या म्हणून आलेल्या. पाहुण्यांना कुणी औषध देतं का? त्यांना थंड ठेवायचं. दाराला लिंब लावायचा. दहीभात करायचा. घरात फोडणी द्यायची नाही, कारण तेल तडतडलं की बाया खवळतात. डोक्याला तेल नाही, केसाला फणी नाही, बाप्यानं दाढी करायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, जे आलंय त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या या खात्याच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या अधिकारी. कुणाच्या घरी बाया आल्या की पहिला निरोप आत्यांना. डहाळा कोणत्या बाजूला बांधायचा, दही कुणाकडनं आणायचं, सगळं त्या ओट्यावर बसून सांगणार.

त्या संध्याकाळी मी घरात शिरले ती बोलतच. "आत्या, राधाबाईकडं गोवर आलाय."

आत्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "नाव काढू नको गं माये! लेकराबाळांचं घर हाय."

"लेकराबाळांचं घर आहे म्हणूनच सांगतेय! भिंतीपलीकडं परी आहे. तिला लस नाही."

"तिला काय व्हत न्हाई. मी बायांना सांगितलंय."

घ्या! आत्यांनी परस्पर वरच बोलणी केलेली होती.

मला राग कशाचा येतो ते नीट सांगते, कारण लोकांना वाटतं मी जुन्या चालीरीतींवर चिडते. छे. डहाळा बांधणारी जी कुणी पहिली बाई असेल ती आमच्यापेक्षा शहाणीच असणार. आत आजार आहे, बाहेरच्यानं लेकरू घेऊन येऊ नये, एवढं सगळं तिनं एका पानाच्या काडीवर सांगून टाकलं. न लिहिता, न बोलता. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कळतंय. म्हणजे साथ आली हे ओळखायची सोय गावात आहे, आणि सगळ्या कचेऱ्यांच्या आधी गावाला कळतंही. मग घोडं अडतं कुठं? घरात फोन वाजतोय, सगळे म्हणतात "वाजतोय, वाजतोय," आणि उचलत कुणीच नाही. तसला प्रकार. मला त्या न उचलणाऱ्यांचा राग येतो.

मी सिस्टरांना फोन लावला. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर म्हणजे कामाची बाई. उन्हातान्हात स्कूटी काढून दुसऱ्या दिवशी आल्या. राधाबाईच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागं.

"घरात कुणी आजारी हाय का?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाई बा. समदे खुशाल."

डहाळ्याचं एक पान गळून सिस्टरांच्या खांद्यावर पडलं. मी दात-ओठ खात उभी.

"अगं राधाबाई, वर बघ की," मी म्हणाले.

"वर काय? लिंब हाय."

"कावून लावलाय?"

"लिंबाला काय कावून लागतंय व्हय? सावलीला लावलाय."

एका काडीची सावली! तेवढ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीतून खोकला आला. कोरडा, ओढून ओढून आलेला, अगदी लेकराचा. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मी राधाबाईकडं.

"शेळी हाय," राधाबाई म्हणाली.

देवाशप्पथ सांगते, तोंडावरची माशी हलू न देता म्हणाली. पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. एव्हाना चार-पाच दारांना लिंब लागला होता आणि चार-पाच घरांत सगळे खुशाल होते. लेकरांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून आतल्या खोल्यांना पोत्यांचे पडदे लावलेले, ते मला रस्त्यावरून दिसत होते. सिस्टर दमून आमच्या ओट्यावर बसल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "ताई, मला कळतंय हो. पण एक तरी लेकरू डोळ्यांनी बघाय पाहिजे. त्याबगर डॉक्टरांना मी काय सांगू? गावात लिंब लई हाय म्हणून?"

डॉक्टर तरी कुठं रिकामे होते! मार्चअखेर. सगळ्या कचेऱ्या कागद जुळवण्यात बुडालेल्या, रोज मिटिंग. आपल्याकडं मार्च महिन्यात आजारी पडायची सोय नाही.

मग मी सरपंचांकडं गेले. गावातली निम्मी जमीन त्यांची, शब्दही त्यांचाच चालतो. त्यांनी दवंडी दिली असती तर दारं उघडली असती. ते पारावर जत्रेच्या फ्लेक्सचं बघत बसले होते. चैत्रातली आमची जत्रा मोठी. कुस्त्या, पाळणे, पाहुण्यांची रीघ.

"वहिनी," ते म्हणाले, "उगं गावभर बोंबलत फिरू नका. जत्रा तोंडावर आलीय. गावात साथ हाय म्हणून बोभाटा झाला तर पाव्हणं येईल का कुणी? गावाचं नाव खराब व्हतंय."

"आणि लेकरांचं काय?"

"लेकरं दोन-चार दिसात उठून खेळत्यात. आमी न्हाई का उठलो?"

"उठले तेच सांगायला उरतात, सरपंच. न उठलेल्यांना कुणी विचारलंय का?"

ते हसले. "तुमी लई तापट हाय बघा वहिनी." आणि परत फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोकडं वळले. फोटो जरा लहान झाला होता म्हणे.

तापट! मला गावात सगळे तापट म्हणतात. अहो, दहा ठिकाणी गार डोक्यानं सांगून झाल्यावर अकराव्या ठिकाणी माणूस ओरडतं, त्याला तापट म्हणायचं का? संगीतानं मात्र माझं ऐकलं होतं. परीला घराबाहेर काढत नव्हती. पोरगी उंबऱ्याच्या आत बसून बाहेरच्या कोंबड्यांना हाका मारायची. मी जाता-येता डोकावून तिच्या कानामागं बघायची, कपाळाला हात लावायची. पुरळ नाही, ताप नाही. चला, अजून एक दिवस गेला.

शिमगा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. मी अंगणवाडीतून घरी आले, तर परी ओट्यावर. अंगात नवा फ्रॉक, कपाळभर हळदीकुंकू, पाय धुतलेले, आणि ओठांच्या कडेला दहीभाताचं शीत.

मी पिशवी तिथंच टाकली. "कुठं गेलतीस गं संगीता?"

"राधाबाईकडं गेलतो ताई. त्येंच्या थोरलीच्या बाया गेल्या ना, म्हणून लहान पोरींना जेवाय बोलावलं व्हतं."

तर ही आमची दुसरी रीत. लेकरू बरं झालं की बायांची पाठवणी करायची. गल्लीतल्या लहान पोरी बोलवायच्या, त्यांचे पाय धुवायचे, हळदीकुंकू लावायचं, त्याच घरात पाटावर बसवून दहीभात खाऊ घालायचा. इतके दिवस डहाळा लावून सगळ्यांना बाहेर ठेवायचं, आणि शेवटी गावातली सगळ्यात कोवळी लेकरं शोधून, नवे कपडे घालून, आत नेऊन बसवायची!

"त्या घरात अजून कुणाला आहे का?" मी विचारलं.

"धाकट्याला कालपसून ताप हाय म्हणत्यात. राधाबाईच्या मांडीवरच व्हता."

मी परीच्या तोंडावरचं शीत पुसलं. मग ओरडले. संगीतावर ओरडले, राधाबाईच्या घराकडं तोंड करून ओरडले. आत्या दारात येऊन म्हणाल्या, "तिला कावून बोलतीस? मीच म्हणलं जा म्हणून. बायांचं जेवण टाळलं तर उलटतं." आणि संगीता रडत म्हणाली, "ताई, परीला काय व्हऊ नये म्हणूनच नेलं वो." मला तेही समजत होतं, आणि त्यामुळंच जास्त संताप येत होता. दुष्टपणानं कुणी काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळे त्या पोरीवर जीव टाकत होते आणि जीव टाकूनच तिला त्या खोलीत बसवून आले होते.

सिस्टर फोनवर म्हणाल्या, लगेच लस टोचली तर अजून संधी आहे, तिला घेऊन केंद्रावर या. मी परीला उचललं. दारात दीर, परीचा बाप, आडवे. बायांचं जेवलेलं लेकरू पाडव्यापर्यंत वेस ओलांडत नाही म्हणे. आत्या एका बाजूला, दीर एका बाजूला. माझं हात जोडून झालं, पाया पडून झालं, भांडून झालं, एक दिवस जेवले नाही तेही झालं. परी आपली माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

राहता राहिलं एक. पोरगी वेशीबाहेर जात नसेल तर लस वेशीच्या आत आणायची. आठवडाभर मी सिस्टरांना पिडत राहिले आणि सिस्टर डॉक्टरांना. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाडव्याला मिटिंग नाही, त्या दिवशी येतो. गेवराईकडचा तरुण मुलगा, घरची गुढी सोडून आला बिचारा. सिस्टरांच्या हातात लसीची थंड पेटी. मी वेशीतच उभी. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की काही विचारायचं नाही, ज्या दाराला लिंबाचा डहाळा असेल त्या दारात सरळ शिरायचं.

आम्ही गल्लीत वळलो आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

पाडवा! प्रत्येक दाराला लिंब. गुढीला लिंब, चौकटीला लिंब, सायकलीला लिंब, शेळीच्या गळ्यात सुद्धा लिंब. एवढ्या दिवसांचा निरोप, आणि ज्या दिवशी वाचायला माणसं आली त्याच दिवशी सगळ्या गावानं तोच निरोप दारावर लावलेला. डॉक्टर एकदा दारांकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "कोणतं घर, ताई?" जुनी चार-पाच घरं मला पाठ होती, पण नवी कोणती? मला हसावं की रडावं कळेना.

आणि त्याच वेळी वास आला. कुणीतरी भजी तळत होतं. कुठं पुरण शिजत होतं, कुठं कुरडया तेलात फुलत होत्या, कटाच्या आमटीला फोडणी बसत होती. वर्षातून एखाद्याच दिवशी गल्ली इतकी खमंग असते. मी सिस्टरांचा हात धरला. "तेल! ज्या घरात तेल नाही ते घर."

सिस्टरांचा चेहरा उजळला. "अगं बया! मला बाया आलत्या तवा आमच्या मायनं पण फोडणी बंद केलती. पाडव्याला भज्यासाठी रडलेली आठवतीय मला."

मग काय, भर सणाच्या दिवशी आम्ही तिघं गल्लीतून हुंगत निघालो. कुत्री बघत होती. पहिलं बिनवासाचं दार राधाबाईचं. या वेळी सिस्टरांनी कुणी आजारी आहे का असं विचारलंच नाही. "राधाबाई, फोडणी बंद हाय का गं?"

"हाय की. कवाची बंद हाय," राधाबाई म्हणाली.

"कावून?"

"बाया हायेत ना घरात. धाकट्याला."

इतकं सोपं! मी पुढं झाले. "मग त्या दिवशी कावून न्हाई म्हणलीस गं?"

"त्या दिशी तुमी आजारी कोण हाय इचारलं. आजारी कुणीबी न्हाई आमच्यात. बाया आल्यात." आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू एवढी शिकलेली बाई आणि एवढंही कळू नये.

"आणि ती शेळी?"

"ती शेळीच व्हती," राधाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली, लेकराला घेऊन आली.

एकेक दार उघडत गेलं. लेकरं उजेडात आली, डोळे मिचकावत, पुरळानं भरलेली. डॉक्टर गुडघ्यावर बसून तपासत होते. आता त्यांना डोळ्यांनी बघायला लेकरंच लेकरं मिळाली. होत होत आम्ही आमच्या घराशी आलो. आत्या माझ्या चुलीवर भजी तळत होत्या. वास दोन्ही घरांवर पसरलेला, कारण भिंत एकच.

"इथं तळण आहे. पुढं जाऊ," डॉक्टर म्हणाले.

मी थांबले. "थांबा. हा वास माझ्या घरचा आहे."

संगीताच्या दारात गेले. चूल पेटलेली, वर नुसता भात. संगीता भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर परी. डोळे लालभडक, पाण्यानं डबडबलेले. मला बघून तिनं हात पुढं केले नाहीत. "ताई, रातीपसून ताप हाय," संगीता म्हणाली. "आज सणाचं कुणाला सांगावं म्हणलं." सिस्टरांनी परीचा कान हलकेच पुढं वळवून मागं पाहिलं आणि डॉक्टरांना तिथलं पुरळ दाखवलं. लसीची पेटी माझ्या पायाशी होती. महिनाभर जिच्यासाठी भांडत होते ती आता हाताच्या अंतरावर होती, आणि परीसाठी तिचा काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाचा डोस पाजला, काय जपायचं ते सांगितलं. मी बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहिले. तिथं बाकीच्या लेकरांची रांग लागली होती. राधाबाईच पोरं ओढून आणत होती, "चल की बे, मुंगी चावल्यागत व्हतंय फकस्त," म्हणत. त्या रांगेतल्या एकालाही पुढं गोवर आला नाही. गल्लीत नवा डहाळा लागला नाही. सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

जत्रा झाली. वेशीत फ्लेक्स लागला, "सतर्क ग्रामस्थ, निरोगी गाव," आणि वर सरपंच हात जोडून, या वेळी फोटो मोठा. मला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं होतं. मी तेव्हा परीजवळ बीडच्या दवाखान्यात होते. छातीत कफ भरला होता, मग कान वाहायला लागला. पोरगी वाचली. पांडुरंगाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा. पण डावा कान गेला.

आता परी शाळेत जाते. संगीता तिला फडात नेत नाही, दिवाळीनंतर आमच्याकडंच ठेवते. गुरुजींना मी सांगून ठेवलंय, तिला तुमच्या उजव्या हाताला बसवा. रस्त्यानं चालताना मी तिच्या उजव्या बाजूनं चालते. लोक म्हणतात मॅडमचं घर म्हणजे रोजचं भांडण. भांडण कसलं! आमच्या घरात आता सगळेच ओरडून बोलतात.

मध्यंतरी तालुक्याला एक प्रशिक्षण झालं. भिंतीवर मोठा फलक, "साथरोग नियंत्रणात लोकसहभाग." दिवसभर साहेब सांगत होते लोकांना सहभागी कसं करून घ्यायचं. मला राहवलं नाही, उभी राहिले. म्हणाले, साहेब, लोक सहभागीच असतात हो, अख्खी गल्ली सहभागी होती. कुणाच्या दारात काय आहे ते म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत एकदा विचारा तरी. साहेब म्हणाले, चांगली सूचना आहे, चहानंतर बोलू. चहानंतर साहेब गेले. आमच्या सिस्टर मात्र तेव्हापासून प्रत्येक गावात पहिला प्रश्न तोच विचारतात. फोडणी बंद कुणाकडं हाय?

आणि आत्या? आत्यांनी परीच्या कानाबद्दल कधी शब्द काढला नाही. तिच्या डाव्या कानात तेवढं रोज कोमट तेल सोडायच्या, डॉक्टर नको म्हणेपर्यंत. पण त्या आजाराचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी किती वेळा मुद्दाम टोकलं असेल. हात कानांवर जायचे, विषय संपायचा.

परवाची गोष्ट. दिवेलागण. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, परी पाटीवर पाढे लिहीत होती, आत्या तिच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्याच दिवशी एक ट्रॉली आलेली, गल्ली वासानं भरून गेली होती. आत्यांनी मान वर केली, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"त्या पत्र्याच्या घराला धूर हाय. फोडणी न्हाई."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय मग? तुझ्या सिस्टरला फोन लाव."

मला भरून यायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचा वैताग असा जातो होय? "लावते की," मी म्हणाले. "पण काय आलंय म्हणून सांगू, आत्या? तुम्हीच सांगा."

आत्यांनी पदर तोंडावर ओढला. तोंडातल्या तोंडात काहीतरी हलत होतं. शेवटी पदराआड पुटपुटल्या, इतक्या हळू की मलाही धड ऐकू आलं नाही.

परीनं पाटीवरून डोकं वर केलं. "आजी काहीतरी म्हणली. काय म्हणली?"

आत्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, पोरीच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गोवर! गोवर म्हणलं गं माये! गोवर!"

समोरच्या ओट्यावर राधाबाई उठून उभी राहिली. पत्र्याच्या घराचं दार किलकिलं झालं. मी फोन लावला.